माशांना आलेल्या देवी

माझं अक्षर वाईट आहे. वेलांटी पहिली की दुसरी, उकार आखूड की लांब, हे मला कधीच नीट उमगलं नाही. शाळा चौथीपर्यंत, आणि तीही मंठाळला एका मास्तरांच्या ओसरीवर भरणारी. चौथी झाली आणि मला देवी आल्या. अंथरुणातून उठले तेव्हा तोंडभर वण होते. शाळेत परत जायचा धीर झाला नाही, तिथंच शिक्षण थांबलं. त्यामुळे हे मी कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. चुकून कुणाच्या हाती पडलंच तर त्यानं चुका पोटात घालाव्यात.

लिहायचं आहे ते माशांबद्दल. आमच्या घरात मासे होते असं म्हटलं की आमची माणसं आधी दचकतात. गळ्यात लिंग बांधणारं घर, मासळीचा वाससुद्धा चालत नाही. पण ते मासे खायचे नव्हते. ते आमच्याकडे गहाण पडले होते.

माझं सासर हळ्ळीखेडचं. मामा, म्हणजे माझे सासरे, धान्याचा व्यापार करायचे आणि नडल्या माणसाला उसने पैसेही द्यायचे. गावाबाहेर निजाम सरकारचा जकातीचा नाका होता. तिथले नाकेदार साहेब मामांच्या वयाचे. दोघांचं रोज काहीतरी वाजायचं, मालाच्या वजनावरून, पोत्यांच्या मोजणीवरून, आणि संध्याकाळी दोघंच आमच्या सोप्यात बसून पान खायचे. पोलीस ॲक्शन झालं, राज्य बदललं, नाकेदारांची नोकरी गेली. त्या दिवसांत त्यांच्या माणसांवर काय काय गुदरलं ते मी इथं लिहीत नाही. मला ते धड माहीतही नाही. बायकांपुढं कुणी बोलत नसे. एवढं कळलं की ते बायकोला घेऊन हैदराबादला भावाकडं जाणार आहेत आणि हातात पैसा नाही.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी ते सोप्यात आले. मी माजघराच्या दाराआड होते.

"दोन सौ चाहिए, साहुकार. और गाडी का भाडा दस."

मामा म्हणाले, "घेऊन जावा की. नाही कोण म्हणतंय?"

"ऐसे नईं. कुछ रखको लेतौं."

"काय ठेवताव? तुमच्या घरात आता तुमच्या टोपीबिगर काय ऱ्हायलंय?"

नाकेदार हसले नाहीत. म्हणाले, "मेरे मछल्यां रखो."

मामांना वाटलं थट्टा करायलेत. पण माणूस गंभीर होता. फुकट उपकार घेऊन गाव सोडायला त्याचं मन घेत नव्हतं, आणि किमतीचं म्हणावं असं त्याच्याकडं ते एकच उरलं होतं. हैदराबादहून आणलेली, लोखंडी चौकटीची काचेची पेटी आणि तिच्यात पाच सोनेरी मासे. मामांनी थोडा वेळ पान चघळलं आणि म्हणाले, "बरं. पैसे फिटतील त्या दिवशी पाचच्या पाच परत घेऊन जावा. तोवर त्यांचा जीव माझ्या घरची अमानत."

आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, आत कपाळावर हात मारला. "जिथं लिंगाची पूजा होतीय त्या घरात मासळी? ऐकलंव का, डोकं फिरलं का तुमचं?"

"मेल्यावर मासळी," मामा म्हणाले. "जिती हाय तोवर लेकरू समज."

"माझी लेकरं मी पाण्यात न्हाई ठिवली."

दुपारी पेटी बैलगाडीतून आली. मासे तेलाच्या रिकाम्या डब्यात होते आणि डबा नाकेदारांच्या बीबींच्या मांडीवर. त्या मागच्या दारानं आत आल्या, बुरखा वर केला आणि मला जवळ बोलावलं. माझ्या तोंडाकडं बघणारी माणसं दोन तऱ्हेची. एक वण बघत राहतात, दुसरी झटकन दुसरीकडं बघतात. बीबींनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. माझ्याशी बोलायचं होतं म्हणून माझ्याकडं बघितलं, इतकंच. चिमटीत चुरमुऱ्याचा चुरा धरून दाखवला. "बेटी, इत्ताच. ज्यास्ती नक्को. इनों भूके मरते नईं, खा-को मरते." आणखी काही सांगायचं होतं बहुतेक, पण बाहेरून गाडीवान हाका मारायला लागला. डबा माझ्या हातात दिला आणि त्या गेल्या.

अशी माशांची राखण माझ्याकडं आली. घरात दुसरं कोण करणार? आत्याबाई त्या पाण्याला शिवायच्या नाहीत, आणि आमचे हे महिन्यातले निम्मे दिवस लातूरच्या बाजारात.

पहिले काही आठवडे बरे गेले. पेटी सोप्यात, खिडकीखाली. गावातून माणसं बघायला यायची. आमच्या घराची रीत अशी की आल्या माणसाला काही खाऊ घातल्याशिवाय पाठवायचं नाही. तीच रीत माणसांनी माशांना लावली. जो येईल तो चिमूटभर काहीतरी टाकायचा. चुरमुरे, डाळं, भाकरीचा तुकडा. मला बीबींचं बोलणं आठवायचं, पण मोठ्या माणसांना नको म्हणायचं मला जमायचं नाही. खाली तळाशी सगळं साचून पाणी गढूळ व्हायचं.

आणि पाणी गढूळ नसतं तरी आत्याबाईंना ते चाललं नसतं. आमच्या घरात रात्रीचं पाणी सकाळी वापरत नाहीत. घागरी, हंडे, तांब्या, सगळं पहाटे पालथं करून, चिंचेनं घासून, विहिरीचं ताजं पाणी भरायचं. शिळं पाणी बेलाच्या झाडाला. आत्याबाई म्हणाल्या, "सोप्यात शिळं पाणी न्हाई चालायचं. माणसाला न्हाई चालत, मग तुझ्या माशांना कामून चालावं?" तेव्हा मी रोज पहाटे मासे वाटीनं परातीत काढायची, पेटीतलं पाणी उपसायची, काच राखेनं लख्ख घासायची आणि सहा-सात घागरी थंडगार पाणी ओतून मासे परत सोडायची. त्या हिवाळ्यात विहिरीच्या पाण्यानं बोटं बधिर व्हायची. मला वाटायचं, मी त्यांची फार चांगली निगा राखते.

मग एक दिवस त्यातल्या सगळ्यात लहान माशाच्या शेपटीवर पांढरे ठिपके दिसले. रव्याचे कण चिकटावेत तसे. मी रवा कधी टाकला ते आठवत बसले. दुसऱ्या दिवशी ठिपके पाठीवर आले आणि बाकीच्यांनाही उठले. मासे खायचे थांबले, पंख अंगाशी मिटून एका कोपऱ्यात उभे राहायला लागले. मधेच एखादा सुसाट जायचा आणि तळाच्या खड्यांवर अंग घासायचा.

मी आत्याबाईंना बोलावलं. त्यांनी लांबून, पदर तोंडाला लावून बघितलं आणि गप्पकन मागं सरल्या. दोन्ही हात जोडले.

"आई आलीय," त्या म्हणाल्या. "देवी आल्यात, पोरी. तुला कळलं कसं न्हाई?"

खरंच की. मला कसं कळलं नाही? तशीच पुटकुळी, तशीच अंगभर. घरात देवी आली म्हणजे काय करायचं ते आम्हाला पाठ होतं. आजाऱ्याला अंधारात ठेवायचं, ऊब लागू द्यायची नाही. कडुलिंब आणायचा. घरात फोडणी द्यायची नाही, काही तळायचं नाही, आजाऱ्याच्या अन्नाला मीठ लावायचं नाही. मीठ आणि ऊब यांनी देवी खवळते. आत्याबाईंनी सोप्याच्या खिडकीला घोंगडी लावली. पेटीत कडुलिंबाच्या डहाळ्या टाकल्या. पाणी आणखी गार राहावं म्हणून काचेला ओली फडकी गुंडाळली. मला एवढंच बजावलं की तुझी पोर इकडं फिरकू देऊ नको. माझी मुलगी तेव्हा नुकती रांगायला लागली होती.

मामा बिनफोडणीची भाजी खाऊन कंटाळले. "गळ्यात लिंग आणि घरात देवी. आणि ती बी माशांची. कुणाला सांगू नका, लोक हसतील."

"हसूद्या. पोरीवर आली म्हंजे कोण हसतंय बघते मी," आत्याबाई म्हणाल्या.

आठवडाभरानं ठिपके गेले. एका सकाळी घोंगडी बाजूला करून बघते तो माशांची अंगं लख्ख. आत्याबाईंनी केळीच्या पानावर दहीभात ठेवून तो वेशीबाहेर नेऊन ठेवला आणि देवीला वाटेला लावलं. त्या संध्याकाळी घरात लसणाची फोडणी बसली. त्या वासानं सगळ्यांना हायसं वाटलं.

चार दिवस गेले नाहीत तोच ठिपके परत आले. आणि या वेळी मागच्यापेक्षा किती तरी जास्त. लहान मासा तर मीठ लावून ठेवल्यासारखा पांढरा दिसत होता. दुपारी तो पाण्यावर आडवा तरंगायला लागला आणि संध्याकाळी मेला. मामांनी त्याला परसात पुरलं. वर येऊन हात धुतले आणि म्हणाले, "चार ऱ्हायले." एवढंच. पण मला कळत होतं त्यांच्या मनात काय चाललंय. मामांकडं दागिने, भांडी, एकदा एका माणसाची बैलगाडी गहाण राहिली होती. आजवर एकाही वस्तूला ओरखडा गेला नव्हता. आणि हा माणूस तर वस्तू सोडवायला परत येईल की नाही याचीच गावात पैज लागत होती. तो येईल आणि पेटी रिकामी दिसेल, याची मामांना लाज वाटत होती. मला तर त्याहून जास्त. तो डबा माझ्या हातात दिला होता.

आत्याबाई म्हणाल्या, "आपलं काहीतरी चुकलं. वाटेला लावताना दही आंबट व्हतं. परत करू."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी वेणी घालताना, मी आरशात बघत होते. सहसा मी आरशात भांगापुरतंच बघते. त्या दिवशी गालावरच्या खड्ड्यांवर बोट फिरवलं आणि मनात आलं, माशांच्या अंगावर खड्डे कुठं होते? ठिपके गेले तेव्हा अंग गुळगुळीत होतं. देवी माझ्या अंगावरून गेल्या तेव्हा अशा गेल्या नाहीत. दुसरी गोष्ट, मला एकदा येऊन गेल्यावर पुन्हा कधी आल्या नाहीत. घरात, गल्लीत कुणालाही दुसऱ्यांदा आल्याचं ऐकलं नव्हतं. म्हणून तर देवी आलेल्या घरात आजाऱ्यापाशी वणवाल्या बाईला बसवतात. तिला भीती नसते. मला तसं कितीदा बोलावलं होतं. मग या माशांवर चार दिवसांत दुसऱ्यांदा कशी येईल?

ही देवी नव्हे. दुसरंच काहीतरी आहे, खरजेसारखं. अंगावरून गळून पडतं, खाली तळाशी वाढतं आणि परत चढतं. हे मी ठरवलं खरं, पण कुणाला सांगणार? आणि सांगून करणार काय?

तेवढ्यात शिंगाड्यांची भोईण आली. ती तळ्यावरून शिंगाडे घेऊन आमच्या मागच्या दाराला यायची. जाड आवाजाची, पायलीभर शिंगाड्यांसाठी अर्धा तास भांडणारी. मासळीचा धंदा नवऱ्याचा, म्हणून आमच्या घरात ती दाराच्या आत येत नसे. मी शिंगाडे घेता घेता हळूच विचारलं, "अक्का, तुमच्याकडं माशाला खरूज होतीय का?"

तिनं टोपली खाली ठेवली. "सावकारीण मासे कवापासून खायलीय?"

"खात न्हाई गं. पाळलेत."

"पाळलेत!" ती एवढ्यानं हसली की आत्याबाई आतून ओरडल्या. मग मी तिला परसाच्या बाजूनं सोप्याच्या खिडकीपाशी नेलं. घोंगडीच्या फटीतून तिनं बराच वेळ बघितलं. हसणं थांबलं.

"मरळ आम्ही रांजणात जिती ठिवतो बाजारापर्यंत," ती म्हणाली. "कधी कधी असं अंग घासायला लागती. मग माझा दादला मूठभर मीठ टाकतोय. कधी लागू पडतंय, कधी न्हाई." मग नाक वर करून, "हे पाणी लई निर्मळ दिसायलंय."

"रोज बदलते की. ताजं."

"रोज?" तिनं माझ्याकडं असं बघितलं जणू मीच आजारी आहे. "आगं माय, तळ्याचं पाणी रोज कोण बदलतंय? तुझा सासरा?"

मला त्या रात्री झोप लागली नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. दिवसभराच्या कामानं मला झोप लागायचीच. पण सकाळी उठले ती मनाशी एक ठरवूनच. घागर न भरताच मी आत्याबाईंपुढं जाऊन उभी राहिले.

"कामून गं? हात कामून थांबला?"

मी म्हटलं, "आत्याबाई, ही देवी न्हाई."

लग्नानंतर मी त्यांना उलट बोलले ती पहिलीच वेळ. खड्ड्यांचं सांगितलं, दुसऱ्यांदा येत नाही ते सांगितलं, मिठाचं सांगितलं. मीठ हा शब्द ऐकताच त्यांनी कानावर हात ठेवले.

"देवी घरात असताना मीठ? तुझी पोर रांगायलीय घरात. तू चुकलीस तर कुणावर जाईल ती? माझ्यावर? मला येऊन गेल्यात. तुला येऊन गेल्यात. ऱ्हायलं कोण?"

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तेच मनात घेऊन मी उठले होते. मुलगी उंबऱ्यावर बसून माझी बांगडी चोखत होती. मी तिच्याकडं बघितलं, आणि खरं सांगायचं तर मी डगमगले. मग म्हटलं, "आत्याबाई, देवी असती तर मीच पहिली ओळखली असती."

त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण इतकं नीट त्यांनी कधी बघितलं नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "न्हाणीत काय करायचं ते कर. माझ्या चुलीपाशी न्हाई, सोप्यात न्हाई. आणि पोर माझ्यापाशी दे."

न्हाणीघरात आंघोळीच्या पाण्याचं चुलवण होतं. त्याच्या मागच्या भिंतीला दोन मातीचे डेरे ठेवले. एक चुलवणाच्या अंगाला, एक दाराकडं, कारण दोन्ही तिकडं मावेनात. पाणी पेटीतलंच घेतलं, गाळून. दोन-दोन मासे एकेकात सोडले. मग मूठभर खडेमीठ घेतलं आणि दाराकडच्या डेऱ्यात सरळ टाकलं. भोईण मूठभर म्हणाली होती. पण तिचा रांजण केवढा आणि माझा डेरा केवढा, हे डोक्यात आलं नाही. एक मासा तडफडून उलटा झाला. मी हातानंच त्याला उचललं आणि साध्या पाण्यात टाकलं. लिंग बांधल्यापासून माशाला मी हात लावला नव्हता. त्या वेळी ते आठवलंही नाही. तो मासा जरा वेळानं सावरला. तेव्हापासून मीठ आधी तांब्यात विरघळवून, थोडं थोडं, सकाळ-संध्याकाळ मिळून ओतायला लागले. चव घेऊन बघायची. जेमतेम कळेल इतकं खारट.

खायला जवळजवळ काही दिलं नाही. तळाशी साचलेलं रोज वाटीनं उपसून टाकायचं आणि तेवढंच, आदल्या दिवशी भरून न्हाणीत ठेवलेलं पाणी घालायचं. शिळं.

चुलवणाकडच्या डेऱ्यातले मासे आधी सुधारले. ठिपके गळाले आणि परत उठले ते अगदी थोडे, मग तेही गेले. दाराकडच्या डेऱ्यात मीठ तेवढंच, पण तिथं गारठा. तिथलं दुखणं लांबत गेलं. ते लक्षात यायला मला उशीर झाला. जो उलटा झाला होता तो अखेर मेलाच. दुसऱ्याला मी चुलवणाकडं हलवलं आणि तो वाचला. मिठानं किती झालं आणि उबेनं किती, ते मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही लागतं असं वाटतं. पण देवीसाठी आपण करतो ते सगळं माशांसाठी बरोबर उलटं होतं, हे मात्र खरं. अंधार, गारवा, अळणी. आम्ही जीव ओतून त्यांना मारत होतो.

एक गोष्ट मात्र आत्याबाईंमुळं झाली. मासे न्हाणीत गेल्यावर त्यांनी सोप्यातली पेटी बाहेर काढायला लावली. "बाटलीय," म्हणून खडे उकळत्या पाण्यातून काढले, काच घासली आणि पेटी कितीतरी दिवस अंगणात उन्हात पालथी घातली. मासे परत सोडले त्यानंतर ते दुखणं पुन्हा कधीच आलं नाही. तळाशी जे काही वाढत होतं ते त्या उन्हात मेलं असणार.

मुलीला काही झालं नाही. आत्याबाई महिनाभर रोज सकाळी तिचं अंग उघडं करून बघायच्या. मीही बघायची, त्यांच्या नकळत. मग एक दिवस त्यांनी बघणं सोडलं. काही दिवसांनी गावातल्या एका बाईनं पेटीत डाळं टाकायला हात पुढं केला तर आत्याबाई तिच्यावर खेकसल्या, "भुकेनं न्हाई मरत ते, खाऊन मरत्यात! ठिव ते." आणि पहाटे मी घागरी पालथ्या करताना म्हणायच्या, "तुझ्या माशांचं शिळं पाणी बाजूला ठिवलंस का?" तीन मासे उरले होते. ते वाढले, रंग चढला.

नाकेदारांचे पैसे यायला लागले. वर्षातून एखादी मनिऑर्डर, वीस, कधी तीस. आली की मामा सोप्यातून मोठ्यानं सांगायचे, "लोक पैजा लावत व्हते!" मी हसायची, पण माझं मन चमत्कारिक झालं होतं. पैसे फिटावेत, त्या माणसाचा शब्द राहावा, मामांचा राहावा, असं वाटायचं. आणि प्रत्येक मनिऑर्डरीला वाटायचं, मासे जायला आता एवढे कमी राहिले. तेव्हा मला जवळचं असं फार काही नव्हतं. दुपारी काम आवरलं की मी पेटीपाशी बसायची. त्या वेळी ते तिघं काचेपाशी यायचे. माझ्यासाठी येत नव्हते, चुऱ्यासाठी येत होते, हे मला कळत होतं. तरी यायचे.

भाषेप्रमाणे राज्यं वेगळी व्हायच्या आधी, निजामाचा हाली रुपया बंद होत होता त्या सुमाराला, एक दिवस नाकेदार आले. पेन्शनचा निकाल लागला होता. बरोबर बीबी. नाकेदार सोप्यात बसले, बीबी आत आल्या. केस पार पांढरे झाले होते. त्या पेटीकडं गेल्या आणि मोजलं. मोजायला काय, तीन तर होते. मी तिथंच भिंतीला टेकून उभी होते.

"तीन," त्या म्हणाल्या.

मग मी बोलायला लागले. कशी बोलले कोण जाणे. अर्धं मराठी, अर्धं त्यांच्या बोलीतलं, मोडकंतोडकं. ठिपके, कडुलिंब, ओली फडकी, भोईण, मीठ, चुलवण, जो उलटा झाला तो, सगळं. दोन मेले ते कुठं पुरले तेसुद्धा. इतकं एका दमात मी कुणाशीच बोलले नव्हते. आत्याबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी मधे तोंड घातलं नाही.

बीबी शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ये तो हमारे घर में भी होता था, बेटी. एक जाडे में पूरे के पूरे गए. हमना नजर लगी समझे. मिरच्यां उतारे." आणि हसल्या. "नमक! चूल के पास!" मग माझ्याकडून मिठाचं माप दोनदा विचारून घेतलं.

मी मासे तेलाच्या डब्यात काढून दिले. वर पेटीतलंच पाणी घातलं. बीबींना सांगितलं की घरी पोचल्यावर एकदम सोडू नका, तिथलं पाणी थोडं थोडं मिसळा. त्या म्हणाल्या, "हौ, हौ." मग मी आत गेले, कारण डबा गाडीत चढताना बघायचं नव्हतं.

सोप्यात तोवर दोन म्हाताऱ्यांचं जुंपलं होतं. हिशेबात सत्तर हाली बाकी होते. नाकेदारांनी सत्तर कलदार, म्हणजे हिंदुस्थान सरकारचे रुपये, पुढं ठेवले. मामा म्हणाले, सात हालीला सहा कलदार हा भाव सगळ्या जगाला ठाऊक आहे, साठच होतात, दहा उचला. शिवाय दोन मासे माझ्या घरात मेले, अमानतीची भरपाई म्हणून आणखी कापा.

"मछली का पैसा काटते? मैं क्या मछली बेचने आया?"

"आणि मी काय जास्तीचं घ्यायला बसलोय?"

"तो दस ब्याज समझो."

"व्याज ठरलं नव्हतं. त्या दिवशी बी नाही म्हटलं व्हतं, आज बी नाही."

बराच वेळ असं चाललं. नाक्यावर पोत्यांवरून भांडायचे तसंच, तोच आवाज. शेवटी आत्याबाईंनीच आतून सांगितलं, "भरपाई बी नको, व्याज बी नको. जेवढं घेतलं तेवढंच द्या आणि जेवायला उठा, भाकऱ्या निवायल्यात."

नाकेदारांनी दहा रुपये उचलून खिशात घातले. माशांचं मामांनी पुन्हा काढलं नाही. उरलेले साठ त्यांनी दोनदा मोजले, एकेक नाणं बोटानं सरकवत, आणि म्हणाले, "फिटले."